तव्यावरचं गरम

शरयूच्या हातून बिडाचा तवा निसटला आणि पायापासून वीतभर अंतरावर दणकन आदळला. जड उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घावन बिडावरच चांगलं निघतं, आणि श्रीपादरावांना तव्यावरचं गरमच लागायचं. एकेचाळीस वर्षं ती त्यांना एकेक वाढत आली होती, आणि शेवटी उरलेली गार घावनं स्वतः खात आली होती.

“काय पडलं गं?” श्रीपादराव दारात आले. ती मनगट धरून स्टुलावर बसली होती.

“दमले मी,” ती म्हणाली. “हा तवा आता माझ्याच्यानं उचलवत नाही. घावन हवं असेल तर तुम्ही घाला.”

ते फुगून बाहेर जाऊन बसतील, असं तिला वाटलं. त्यांनी मात्र वाकून तवा उचलला. “इतका जड आहे हा?” असं पुटपुटत त्यांनी गॅस पेटवला.

पहिल्या घावनाचे तुकडे झाले. “अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा,” तिनं बसूनच सांगितलं. दुसरं करपलं. तिसरं छान जाळीदार निघालं. ते त्यांनी तिच्या ताटलीत वाढलं.

“आणि तुम्हाला?”

“होईल माझं. गरम आहे तोवर खा तू.”

तुकडा मोडताना बोटं भाजली. असं घावन तिनं लग्नाआधी, आईच्या हातचं खाल्लं होतं. ते एकेक वाढत गेले, ती खात गेली. चौथं खाल्ल्यावर तिचं पोट भरलं.

घामाघूम श्रीपादरावांनी विचारलं, “अजून एक घालू?”

“घाला,” ती म्हणाली.