हरकत क्रमांक नऊ

"हरकत क्रमांक नऊ, रत्नव्वा चन्नवीर शेटे!" नगरपंचायतीच्या दारात उभं राहून चन्नवीर कारकुनानं आपल्याच बायकोचं नाव पुकारलं. बाकावरची माणसं हसली. सकाळी दोघं एकाच गाडीवरून आलेली सगळ्यांनी पाहिली होती.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन वर्ष झालं होतं आणि गावाला आता नव्या नियमावलीची घाई सुटली होती. बाजाराचे नियम, पाण्याचे नियम, मोकाट कुत्र्यांचेसुद्धा नियम. दुसऱ्या गावाचा मसुदा आणायचा, गावाचं नाव बदलायचं, की झालं. टाइप करणारा चन्नवीरच. मसुदा फळ्यावर लावून हरकती मागवल्या होत्या आणि आज मुख्याधिकारी संयोगिता मॅडम एकेकाचं ऐकून घेत होत्या. रत्नव्वाची हरकत चौदाव्या कलमाला होती. लिंगायतांच्या रुद्रभूमीत ज्या जागेची दफनाच्या वहीत नोंद नाही, ती मोकळी धरून नव्या दफनाला द्यावी, असं ते कलम होतं.

"मॅडम, कडुलिंबाच्या बुडात आमची पुट्टी हाय," रत्नव्वा म्हणाली. "सौंदर्या, आमची लेक. अकरा वरसं झाली. वर दगड न्हाई, काय न्हाई. ती जागा कुणाला देऊ नका, एवढंच म्हणणं हाय माझं."

मॅडमनी चन्नवीरकडे पाहिलं. तो मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होता.

"वहीत नोंद असेल तर प्रश्नच नाही," मॅडम नरमाईनं म्हणाल्या.

"आसंलच की. त्या वक्ताला पंचायतीत कारकून हेच हुतं." रत्नव्वा नवऱ्याकडे वळली. "काढा वो वही."

तो उठला नाही. मॅडमनी सांगितल्यावर त्यानं कपाटातून वही आणली आणि न शोधता पान उघडलं. चाळीस नंबरला एक म्हातारा होता, बेचाळीसला एक म्हातारी. एक्केचाळीसच्या ओळीत नुसता नंबर होता. पुढचे सगळे रकाने कोरे.

रत्नव्वानं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"दुसऱ्या दिवशी हापिसात आलता तुमी," ती म्हणाली. "मी भुईवर पडल्याली, आन् तुमी कापडं घालून हापिसात. एवढं कसं घट्ट काळीज म्हनलं ह्या माणसाचं."

"हेच लिवाय आलतो," चन्नवीर म्हणाला. "न्हाई झालं."

मग मॅडम उठल्या. "मी चहा घेऊन येते दहा मिनिटांत," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "वही इथंच राहू दे. वहीत सगळीकडे एकच अक्षर आहे ना, एवढंच मला बघायचं असतं." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. मागची नोंद आज करणं म्हणजे नोकरीवर बेतायचं काम, त्याच्याही आणि मॅडमच्याही. चन्नवीरनं आजवर पुष्कळ साहेब पाहिले होते. कारकुनासाठी असं दार ओढून घेणारं कुणी पाहिलं नव्हतं.

"लिवा," रत्नव्वा म्हणाली. "मी सांगते."

त्यानं पेन उघडलं आणि एक्केचाळीसच्या ओळीवर टेकवलं.

"नाव लिवा. सौंदर्या."

पेन तिथंच थांबलं. शाईचा बारीक ठिपका उमटला, तेवढाच.

"बरं, नाव ऱ्हाऊ द्या. वय लिवा आदी." ती खुर्चीत सरसावून बसली. "वय..."

चार. एवढा एकच आकडा सांगायचा होता. रत्नव्वाचं तोंड उघडं राहिलं. ती पुन्हा म्हणाली, "वय..." अकरा वर्षं ती या माणसावर मनातून रागावून होती, त्याला वाढत होती, त्याची कापडं धूत होती, आणि रागावून होती. आता तिच्यानंही ते बोलवेना. चन्नवीरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती हमसून रडायला लागली, आणि मग तोही. वही शेवटी तिनंच मिटली.

मॅडम परत आल्या. त्यांनी मिटलेली वही पाहिली.

"हरकत मागं घेते मी, मॅडम," रत्नव्वा पदरानं तोंड पुसत म्हणाली. "आमच्यानं न्हाई हुत लिवाय."

"अहो, मग ती जागा मोकळी धरली जाईल."

"धरा."

मागं घेण्याचं कारण विचारायची पद्धत होती. मॅडमनी विचारलं नाही. 'हरकतदाराने हरकत स्वखुशीने मागे घेतली,' असं चन्नवीरनं इतिवृत्तात लिहिलं. ते मात्र त्याला लिहिता आलं. खाली रत्नव्वानं सही केली.

पुढचं नाव पुकारायला तो दारात गेला. हातात यादी होती, समोर माणसं बसली होती, पण गळ्यातून आवाज निघेना. बाकावरची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रत्नव्वा त्याच्या मागून बाहेर आली. तिनं यादी त्याच्या हातातून घेतली, एकदा वाचली आणि कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "धा नंबर तुमीच न्हवं, पावणं? जावा की आत. लई येळ लागत न्हाई."