नव्या कापडाला कुंकू

"पक्कड घट्ट धर. रोलर फिरला तर बोटं घेऊन जाईल," शिडीवरून शरच्चंद्र मुलाला म्हणाले.

"बाबा, सरळ एखादा माणूस बोलावला असता ना," दुसऱ्या शिडीवरचा मुकुल म्हणाला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते, तेव्हा तोंडच काय ते मोकळं होतं.

"माणूस कशाला? मागच्या वेळी ताडपत्री कुणी बांधली होती, विचार त्यांना," खालून मुकुलची आई जयंतीबाई म्हणाल्या.

शरच्चंद्रांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. सवयीने ते त्यांना छान जमायचं.

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला जुनी कॅम्पर व्हॅन उभी होती. बटण दाबलं की तिची एक बाजू पलंगासकट खणासारखी बाहेर सरकायची. त्या बाहेर आलेल्या भागाच्या डोक्यावर पाऊस अडवायला एक कापड असतं. पलंग बाहेर आला की ते रोलरवरून उलगडतं, आत गेला की स्प्रिंगच्या ओढीने पुन्हा गुंडाळलं जातं. जुन्याच्या फाटून चिंध्या झाल्या होत्या. आज बापलेक नवं बसवत होते.

जयंतीबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सलग फार वेळ बसवत नसे. मध्ये मध्ये थांबायचं, पलंग बाहेर काढायचा, जरा आडवं व्हायचं, असं केलं तरच त्यांना देवगड गाठता येणार होतं. तिकडे थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. रोज फोनवर तो एकच विचारायचा, "कधी येतंस गो?" आणि रोज त्या म्हणायच्या, "बघू."

मागच्या खेपेला शरच्चंद्रांनी फाटक्या कापडावर निळी ताडपत्री ताणून सुतळीने बांधली होती. पावसाळ्यात मुंबईत सगळ्याच दुखण्यांवर हा इलाज करतात. पनवेलच्या पुढे गाडी थांबली, पाऊस आला, ताडपत्रीला पाण्याचं पोट सुटलं. पलंग आत घ्यायला बटण दाबलं आणि ते पोट पलंगावर रिकामं झालं. पलंगावर जयंतीबाई होत्या. तिथूनच सगळे परत फिरले. त्या दिवशी जयंतीबाईंनी आपली उशी वर घरात नेली, ती पुन्हा गाडीत आणलीच नाही.

तरी कापडाच्या कडा मात्र त्यांनीच शिवून दिल्या, उठतबसत, आठवडाभर. कडेच्या दुमडीत नायलॉनची दोरी घातली, म्हणजे कड रोलरच्या खाचेत अडकून राहते. सकाळी कापड वर चढवायच्या आधी त्या कुंकवाची वाटी घेऊन आल्या होत्या.

"थांबा. नव्या कापडाला बोट लावू द्या."

"अगं, गाडीचं कापड आहे. कुणी नेसणार नाहीये."

"मी त्याच्याखाली झोपणार आहे ना?"

मग नुसतं बोट लावून भागलं नाही. कालवलेल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक निघालं, आणि उरलेलं कुंकू वाया कशाला, म्हणून चारी कोपऱ्यांना बोटं.

साबणाचं पाणी लावलेली कड शेवटी खाचेतून सरकत दुसऱ्या टोकाला पोचली. शरच्चंद्रांनी पक्कड हळूहळू सैल केली. रोलर गर्रकन फिरला आणि कापड ताठ झालं. मुकुलने खाली उतरून बागेच्या नळाचा पाइप ओढून आणला.

"आत पांढरी चादर घाला," जयंतीबाई म्हणाल्या. "थेंब पडला तर दिसायला हवा."

त्या काठी टेकत आत गेल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. मुकुलने पाणी सोडलं. शरच्चंद्र शिडीवर तसेच उभे राहिले, कान आत लावून. पाणी कापडावरून बाहेरच्या बाजूला धो धो उतरत होतं. आतून काही आवाज येईना. बायकोची बोलणी खायची त्यांना सवय होती, पण ही शांतता त्यांना सोसेना. या वेळी गळलं, तर ती पुन्हा जायचं नाव काढणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"अहो!"

काठी पडल्याचा आवाज झाला. जयंतीबाई दार धरून बाहेर आल्या, तोंड पांढरंफटक.

"हात दाखवा आधी. दोन्ही."

"काय झालं?"

"खिडकीवरून लाल पाणी चाललंय. हात दाखवा म्हणते ना."

शरच्चंद्रांनी खाली उतरून दोन्ही पंजे पुढे केले. साबणाने सुरकुतलेली बोटं सगळी जागच्या जागी होती. जयंतीबाईंनी ती तरीही एकेक चाचपून पाहिली. मुकुलने पाइप बाजूला केला. खिडकीच्या काचेवरून, बाहेरून, फिक्या लाल रेघा ओघळत होत्या.

"अगं, तुझं कुंकू आहे ते," शरच्चंद्र म्हणाले.

जयंतीबाई पायरीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी नवऱ्याचा हात सोडला नाही.

"गळलं का पण?" शेवटी शरच्चंद्रांनीच घाबरत विचारलं.

"मी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या.

तिघांनी दारातून आत डोकावलं. पलंगावरची चादर कोरडी होती, जयंतीबाई निजल्या होत्या तेवढीच चुरगळलेली. लाल सोडा, पाण्याचाही ठिपका नव्हता.

मुकुल फडकं घेऊन खिडकीकडे वळला. "आई, गाडी बघ कशी झालीय. पुसून काढतो."

"राहू दे ते," जयंतीबाई म्हणाल्या. "वर जा आणि माझी उशी घेऊन ये."