कुप्पम्माच्या भिंती

कोलारला सोनं काढून उरलेली वाळू कंपनी बाहेर टाकायची. खाणमजुरांच्या बायका दर पोंगलला तीच फुकटची वाळू शेणात कालवून झोपडीच्या भिंती लिंपायच्या. मग विलायतेहून नवीन औषध आलं, त्या टाकाऊ वाळूतूनही सोनं निघायला लागलं, आणि कंपनीचा ट्रेविन साहेब पहारी घेतलेली माणसं घेऊन कुप्पम्माच्या दारात हजर.

"भिंती कंपनीच्या आहेत. घर खाली कर."

आत सून चार दिवसांची बाळंतीण.

"न्या की भिंती," कुप्पम्मा म्हणाली. "पण छप्पर माझ्या नवऱ्यानं शाकारलंय, ते आमचं. ते पडता कामा नये. पडलं तर उद्या खाणीत तुम्हीच उतरा, साहेब. टोपी सांभाळून हं!"

साहेबानं मागं पाहिलं. तीनशे मजूर हाताची घडी घालून छपराकडंच बघत होते.

एकेक भिंत काढायची आणि छपराखाली लगेच विटांची उभी करायची, असं करत साहेबानं वर्षभरात अख्खी वस्ती पक्की बांधून दिली.



गल्लीच्या तोंडाशी आता संगमरवरी पाटी आहे : 'गोरगरिबांचे हाल न बघवल्याने दयाळू ट्रेविन साहेबांनी ही घरे बांधली.'