पोह्यातले शेंगदाणे

गेल्या वर्षी आर्वीच्या शोभाबाई मला पाहायला आल्या, दोनदा पोहे मागून खाल्ले आणि "पोरगी जाडी आहे" म्हणून नकार कळवला. त्या रागात मी पोळी, भात, आलू, साखर सगळं सोडलं. वर्षभरात माझे सगळे ड्रेस ढगळे झाले.

नवा फोटो पाहून त्याच शोभाबाई यंदा मुलाला, निकेशला, घेऊन परत आल्या. निकेश पोह्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होता. मी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला. ते दिसताच शोभाबाईंनी प्लेट आपटली.

"एवढी वाळली कशी, थे समजलं आता! पोरीले शुगर आहे अन् तुमी लपवून राह्यले. बिमार पोरगी आमच्या गळ्यात मारता काय?"

"शुगर नाही काकू, पोळी-भात सोडलाय," मी म्हटलं. ऐकतंय कोण! निकेशच्या दंडाला धरून त्या तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.



"अंजू, पोळी-भाताच्या जागी तू काय खाते, थे मले सांगजो जरा. आमच्या निकेशची शुगर दोन वर्षांपासून उतरूनच नाई राह्यली."