इथं नसलेला कुक्कू

"श्श! ऐकू दे." मका कांडता कांडता आईचं मुसळ हवेतच थांबलं. कुठलं काय! रानातला टर्की कोंबडा ओरडत होता.

दर वसंतात हिचं हेच. इंग्लंडमध्ये म्हणे कुक्कू पक्षी ओरडला की हिवाळा सरतो. इथं अमेरिकेत, आमच्या वसाहतीत, अस्वलं आहेत, टर्की आहेत, इथंच जन्मलेली मी आहे. कुक्कू तेवढा नाही. म्हणून आईचा हिवाळा सरतच नव्हता. आणि उद्याच्या जहाजानं ती निघाली होती. "एकदा घर बघून येते गं." पण एवढा समुद्र ओलांडून कुणी नुसतं बघून परत येतं का?

मग मी कुंपणामागं दडले, दोन्ही हातांची पोकळ ओंजळ तोंडाशी धरली आणि जीव खाऊन फुंकलं. "कु-क्कू! कु-क्कू!"

आई धावतच बाहेर आली. तिचा असा लखलखीत चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. वाटलं, जिंकले! पण ती थेट कुंपणापाशीच आली.

"बाहेर ये, पाखरा. कुत्रं मागं लागल्यासारखा नाही ओरडत तो. सावकाश बोलावतो."

"मग शिकव ना," मी म्हणाले. "पण एका दिवसात नाही हं येणार मला."

ती हसली नाही. नदीतल्या जहाजाच्या डोलकाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून तिनं माझे हात हातात घेतले.

"अंगठे जुळव आधी. आणि घाई नको, वेळ आहे पुष्कळ."