रक्तातली सूज

मनुबाईंच्या हृदयातला दुसरा स्टेंटही वर्षभरात पुन्हा अरुंद होऊ लागला होता आणि रक्तातली सूज सांगणारा सीआरपीचा आकडा काही केल्या उतरत नव्हता. सांगलीच्या डॉक्टर स्वानंदींनी सांधे, मूत्रमार्ग, साखर असे सारे तपासून झाल्यावर अखेर तंबाखूविषयी विचारले. मनुबाईंनी तोंडाला पदर लावला. उसळला तो त्यांचा मुलगा उदयसिंह. "मॅडम, मलकापुरात कुणालाबी इचारा. आमच्या घराण्यातल्या बायका तंबाकूला हात लावत न्हाईत!" घराण्याच्या अब्रूपुढे वैद्यकशास्त्राने मान तुकवली आणि रकान्यात 'नाही' लिहिले.

दोन महिन्यांत मनुबाई गेल्या. कारण न सापडल्याची बोच घेऊन स्वानंदी दहाव्याला कोयनेकाठी आल्या. ऊन चढले तरी कावळा पिंडाला शिवेना. पुरणपोळी ठेवून झाली, नातवंडांना सांभाळण्याची वचने देऊन झाली. "उदयसिंगा, म्हातारीचा जीव कशात अडकलाय, ठावं न्हाई व्हय रं तुला?" चुलत्याने विचारले.



उदयसिंहाने घरूनच आणलेली आईची मिश्रीची डबी खिशातून काढली आणि साऱ्या गावादेखत पिंडाशेजारी उघडून ठेवली.