ऐनाचा रंग

मेधाच्या लेकीच्या, शमिकाच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि तिच्या शालीच्या सुताची शेवटची लडी पूर्ण रंगत नव्हती. ऐनाच्या सालीच्या काढ्यातून मेधाने ती तिसऱ्यांदा बाहेर काढली. तपकिरी सुतावर चार पांढरे पट्टे शेजारी शेजारी तसेच होते. मागच्या बाजूला पाचवा, जरा रुंद.

"बांधलंत तिथे पांढरंच ऱ्हाणार," पायरीवर बसलेल्या गोदूबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे पूर्वी मासेमारीची जाळी याच सालीत रंगवत. "दोरी सोडायची ऱ्हायली असेल. शाळेत सायन्स शिकवता ना, बाई?"

"दोरी बांधलीच नव्हती, गोदूबाई."

मेधाने मोजपट्टी लावून पाहिली. चारही पट्टे जवळपास पावणेदोन सेंटिमीटरचे होते, बोटाएवढे.

तुरटी मोजून घातली होती. पातेलं नवं होतं. लेकीला एकरंगी शाल कबूल केली होती आणि मेधा ती देणारच होती. काढा कोमट होईपर्यंत ती थांबली. मग बांगड्या काढून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. बोटं पसरून, लडी कुठेही न पकडता, अर्धा तास ती सूत फिरवत राहिली.

या वेळी लडी एकसारखी तपकिरी निघाली. एक ठिपकासुद्धा राहिला नव्हता.

"जमलं की!" गोदूबाई हसल्या.

मेधाही हसली. लडी वाळत टाकायला तिने हात वर केले. दोन्ही हात कोपरापर्यंत रंगले होते. डाव्या मनगटावर मात्र चार पट्टे कोरे होते, शेजारी शेजारी, आणि आतल्या बाजूला पाचवा, जरा रुंद.